बालगृहाच्या तपासणीला जाताना

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा बालगृहाला भेट द्यावी, पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि आठवड्याभरात अहवाल सादर व्हावा, असे बंधन आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात यांतील एक भेट भर पावसाळ्यात आणि पूर्वसूचना न देता ठरवावी, कारण मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी इमारत आषाढात कशी असते, हे त्याशिवाय कळत नाही.

कार्यालयात चहा घेण्याआधी थेट झोपण्याच्या खोलीत जावे आणि गादीखाली हात घालून पाहावा. एका ठिकाणी मी असा हात घातला तेव्हा तळहाताला ओल लागली. शेजारच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. कडी नसणे ही किरकोळ दुरुस्ती मानू नये.

मुलांशी बोलताना कर्मचारी ऐकू येईल इतक्या अंतरावर नसावेत. एकाच मुलाला बाजूला घेतले, तर नंतर त्याच्यावरच संशय येतो, म्हणून सगळ्यांशी थोडा थोडा वेळ बोलावे. मालवणीत बोलता आले, तर फारच उत्तम. 'मारतात का?' यापेक्षा 'काल रात्री लाईट गेल्यावर काय झालं?' असे विचारावे.

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास अहवालाची वाट पाहू नये. पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

पुढच्या भेटीत, गेल्या वेळी मोकळेपणाने बोललेल्या मुलांना आधी भेटावे आणि बोलल्याबद्दल कुणाला त्रास झाला का, हे पाहावे.