घरी बांधलेल्या विमानात बॅकअप किती ठेवावा?

प्रत्येक उपकरणासमोर एकच प्रश्न ठेवा: हे आत्ता हवेत बंद पडलं, तर मी सुखरूप उतरू शकतो का? फक्त दिवसा, स्वच्छ हवेत उडणार असाल तर रेडिओ किंवा जीपीएस गेल्यानं विमान पडत नाही. इंजिन बंद पडेल अशा गोष्टींचा विचार आधी करा.

मॅग्नेटो इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीसाठी वीज बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आणि इंधनपंप दोन्ही विमानातल्या विजेवर असतील, तर मात्र विजेचा दुसरा, स्वतंत्र स्रोत हवाच. इथे काटकसर नको. अत्यावश्यक उपकरणांचे अँपिअर मोजा. २० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरच्या भारावर कागदावर ४ तास चालते, पण जुनी झालेली बॅटरी निम्म्यातच मान टाकू शकते, म्हणून भरवसा दोनच तासांचा धरा. मग जमिनीवर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीजजनक) बंद करून प्रत्यक्ष तपासा.

उंची, वेग, दिशा दाखवणारे एकाच बनावटीचे दोन स्क्रीन म्हणजे खरा बॅकअप नव्हे. सॉफ्टवेअरमधला एकच दोष दोन्ही घालवू शकतो. ढगांतून उडणार असाल तर दुसरा वेगळ्या बनावटीचा, स्वतःची बॅटरी असलेला घ्या.

आणि प्रत्येक जादा स्विच, वायर, रिले वजन वाढवतो, बिघाडाची नवी जागाही तयार करतो.