बेसिनच्या साखळीवरून कमान कशी काढावी

बेसिनच्या बुचाला बारीक मण्यांची साखळी असते ना, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने कमान तिच्याकडून शिकावी. टांगलेल्या साखळीत फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो, आणि दगड-विटांना दाबच मानवतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हे 1675 मध्ये मांडलं. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी आर्किटेक्ट आंतोनी गौडीने दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या टांगून मॉडेल केलं, तेही याच तत्त्वावर.

हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटर साखळी आणा. भिंतीवर कागद चिकटवा, एका पातळीत 50 सेंटीमीटरवर दोन खिळे ठोका आणि साखळी मधोमध 15 सेंटीमीटर खाली येईल अशी अडकवा.

इथे हमखास सल्ला मिळतो: फोटो काढा, उलटा करा, झालं. अजिबात ऐकू नका. मोकळी साखळी फक्त स्वतःचं वजन पेलणाऱ्या कमानीचा आकार देते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी असंच पुलाचं मॉडेल केलं होतं. ज्यूरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, कमानीवर सपाट रस्त्यापर्यंत वाळू भरली. बाजूंची वाळू जड, मधली जेमतेम बोटभर. कमानीचे खांदे, म्हणजे दोन्ही बाजू, आत दबले, मधला ठोकळा वर उचलला गेला आणि सगळं टेबलावर सांडलं. चूक कुठे झाली हे कळायला मला पुढचं सत्र लागलं.

म्हणून कमानीवरच्या भरावाच्या जागी साखळीला वजनं टांगा. कागदावर 5 सेंटीमीटर रुंदीचे दहा उभे पट्टे आखा. साखळीच्या तळाच्या 1 सेंटीमीटर खाली आडवी रेघ मारा. उलट्या चित्रात तोच तुमचा रस्ता. उरलेल्या साखळीचे 5 सेंटीमीटरचे तुकडे करा. कमानीची जाडी मॉडेलच्या मापात 1 सेंटीमीटर आणि भराव कमानीइतकाच जड धरला, तर प्रत्येक पट्ट्यात रेघेपासून साखळीपर्यंत जितके सेंटीमीटर, तितके तुकडे पट्ट्याच्या मध्यावर दोऱ्याने बांधा. कडेला बरेच लागतील, मध्ये एखाद-दुसरा.

आता साखळी हलेल. बाजूंना फुगेल आणि तळ वर सरकेल. घाबरू नका, पण तिथेच थांबूही नका. साखळी थोडी सैल सोडून तळ जागेवर आणा, सगळी अंतरं पुन्हा मोजा, तुकडे कमी-जास्त करा. दोन-तीन फेऱ्यांत आकार हलायचा थांबतो. एका फेरीत काम उरकलं तर भरावाचा हिशेब चुकलेलाच राहतो.

आकार टाचणीने टोचून कागदावर उतरवा. फोन जरा तिरका धरला तरी फोटोत वक्र बिघडतो. कागद उलटा करा, कमानीची जाडी वक्राच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटा आणि ठोकळे कापा. सांधे उभे कापू नका, वक्राला काटकोनातच हवेत. उभ्या सांध्यांवरून ठोकळे घसरतात.