राजकीय मतभेद असतानाही विज्ञानकथेचा वाचनकट्टा कसा चालवावा

सोलापुरात विज्ञानकथावाचकांचा गट सुरू करताना ‘इथे राजकारण नको’ असा नियम करू नये. तो वरवर शहाणपणाचा वाटतो, परंतु विज्ञानकथा वाचताना पाळताच येत नाही. मंगळावरच्या वसाहतीत पाणी कोणाला किती मिळावे यावर बेतलेली कथा वाचली, की काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात चर्चा उजनी धरणावर जाणारच, आणि उजनी म्हटले की ऊस, कारखाने, महापालिका आणि पक्ष ओघाने आलेच. शिवाय ज्यांचे मत गटात बहुसंख्य असते त्यांना आपण राजकारण बोलतो आहोत हे जाणवतही नाही, त्यामुळे हा नियम प्रत्यक्षात अल्पमतातल्यांनाच लागू होतो आणि ते हळूहळू येईनासे होतात.

त्याऐवजी चर्चा कथेला बांधून ठेवावी. सूत्रधाराने प्रश्न आधीच काढून आणावेत: कथेतल्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे, त्याला जाब कोण विचारू शकतो, आणि हे लेखकाने नेमक्या कोणत्या वाक्यात सांगितले आहे? बोलणाऱ्याने पान उघडून ते वाक्य वाचून दाखवावे आणि मगच उजनीबद्दल काय म्हणायचे ते खुशाल म्हणावे. आवाज चढला तर ‘हे कोणत्या परिच्छेदावरून म्हणता?’ असे विचारावे. ‘तुम्ही त्यांच्यातलेच’ हे वाक्य मात्र पहिल्याच वेळी थांबवावे, कारण ते एकदा खपून गेले की पुढची प्रत्येक चर्चा माणसांची वाटणी करूनच सुरू होते.

कोणाला बाहेर काढता येईल याचा नियम भांडण होण्याआधी लिहून ठेवावा, आणि तो वर्तनाबद्दल असावा, मतांबद्दल नसावा. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात आयोजकांनी डाव्या विचारांकडे झुकलेल्या ‘फ्यूचरियन्स’ गटातल्या सहा जणांना, ते गोंधळ घालतील या भीतीने, दारातूनच परत पाठवले होते. त्यांतले एक, फ्रेडरिक पोल, पुढे ‘गॅलेक्सी’ मासिकाचे संपादक झाले, आणि जून १९६८च्या अंकात त्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने व विरोधात सह्या केलेल्या विज्ञानकथालेखकांच्या दोन जाहिराती समोरासमोरच्या पानांवर छापल्या. आपल्या गटाने हा दुसरा मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे: दोन्ही याद्या एकाच अंकात असाव्यात आणि कोणाचेही नाव झाकलेले नसावे.

सदस्यांनी स्वतः लिहिलेल्या कथांचे वाचन मात्र निनावी ठेवावे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळाले ते कथा म्हणूनच. लेखक कोणत्या पक्षाचा हे ठाऊक नसले, की ऐकणारा आधी कथा ऐकतो.

बैठकीच्या जागेबाबत काटेकोर असावे. एखाद्या नगरसेवकाने हॉल फुकट देऊ केला तरी नम्रपणे नाकारावा आणि वर्गणीतून परवडेल अशी साधी खोली घ्यावी, कारण भिंतीवर ज्याचा फोटो असतो त्याच्याविरुद्ध तिथे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. बैठक सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, ईदच्या दिवशी किंवा मतदानाच्या तोंडावर ठेवू नये. ज्यांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते अशा सदस्यांच्या मराठीला बैठकीत कोणी हसणार नाही, याची जबाबदारी सूत्रधाराने स्वतःकडे घ्यावी. मतभेदापेक्षा अशा हसण्याने माणूस जास्त लवकर तुटतो.

एवढे करूनही एखादा सदस्य रागावून निघून गेला, तर व्हॉट्सअॅपवर समजूत घालत बसू नये. ज्याच्याशी वाद झाला त्यानेच आठवडाभरात त्याच्या घरी जावे, जुना वाद उकरून न काढता पुढच्या कथेची झेरॉक्स हातात द्यावी आणि त्या बैठकीची सुरुवात त्याने करावी असे सांगून यावे.