तीनदा रीइन्स्टॉल करून थकलो, फोल्डरचं नाव बदललं आणि चालू झालं

अपडेट मारलं आणि एडिटर उघडेचना. लोगो यायचा, दोन सेकंदात गायब, एरर पण नाही. सपोर्टवाल्यांचं एकच पालुपद, काढून परत टाका. तीनदा टाकलं, जैसे थे! मग डोक्यात प्रकाश पडला की प्रोग्राम काढला तरी आपली सेटिंग्ज बऱ्याचदा मागेच राहतात, म्हणजे नवीन कॉपी पण तीच बिघडलेली फाइल वाचत बसणार ना. विंडोज आणि आर बटणं एकत्र दाबली, आलेल्या चौकटीत %appdata% टाइप केलं (मागेपुढे टक्क्याचं चिन्ह हवंच), म्हणजे प्रोग्राम सेटिंग्ज ठेवतात ती जागा उघडली, तिथे प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर सापडलं, डिलीट नाही केलं हं, नुसतं नावापुढे 'जुनं' जोडलं. उघडलं की राव! माझे कीबोर्ड शॉर्टकट तेवढे उडाले होते, त्यांची एकच फाइल जुन्या फोल्डरमधून उचलून आणली.