बीट पल्प भिजवायचाय? आधी बादली घासा

घोड्याला बीट पल्प, म्हणजे साखरेच्या बिटाचा वाळलेला चोथा, भिजवून घालायचा तर सगळ्यात आधी बादली. पोतं, काटा, पाणी हे मागाहून. काल ज्या बादलीत पल्प भिजवला ती आज काथ्यानं खरडून, कडेच्या खाचेसकट घासून, पालथी घालून उन्हात वाळवलेली पाहिजे. नुसती खळबळून ठेवलेली चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी चालवून घेतली. घोडीनं वास घेऊन तोंड फिरवलं, तट्टू मात्र अधाशी, त्यानं खाल्लं आणि रात्री पोट धरून बसलं. पल्प नवा होता, पाणी ताजं होतं, भिजायला वेळही बरोबर दिला होता. कडेला राहिलेला बुळबुळीत थर तेवढा जुना होता, आणि तो थर म्हणजे विरजण. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३७-३८ला टेकतो, त्यात ते विरजण किती लवकर लागतं ते सांगायला नको.

म्हणून बादल्या दोन घ्या. एक वापरात, एक उन्हात. प्लॅस्टिकची जुनी, ओरखडे पडलेली नको, त्या ओरखड्यांत काय बसतं ते घासणीनंही निघत नाही. स्टीलची किंवा पत्र्याची बरी.

आता माल. बीट पल्प म्हणजे साखरेच्या बिटातून रस काढून घेतल्यावर उरलेला चोथा, वाळवलेला. मंडईतलं लाल बीट हे नव्हे, साखरेचं बीट पांढरं असतं. चोथा राखाडी-तपकिरी दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आपल्याकडे चहूबाजूंनी ऊस आणि कारखाने, पण ही साखर थंड मुलखातली, त्यामुळे माल बाहेरून येतो आणि महाग पडतो. मग कुणीतरी हमखास विचारतं, चिपाडं आहेत की ढीगभर, ती का घालत नाही? चिपाडात लाकूड जास्त, घोड्याच्या पोटात त्याचं काही होत नाही. बिटाच्या चोथ्यात पेक्टिन असतं, मऊ तंतू असतात, ते मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. दाण्याच्या पिठाचा भडिमार झाला की तेच आतडं बिघडतं, खुरांपर्यंत त्रास जातो. बीट पल्पची ताकद ओटच्या थोडी खाली, पण ती वैरणीच्या वाटेनं मिळते. हाडाडलेल्या, दात झिजलेल्या, लग्नसराईत पिचलेल्या जनावराला म्हणूनच तो मानवतो.

पोतं घेताना दोन गोष्टी विचारा. मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा गोड पाक, घातलेला आहे की साधा? साधा घ्या. चपळ, कामाच्या घोड्याला मळीचा चालेल, पण लठ्ठ, मानेवर चरबीची वळी आलेल्या किंवा कधीकाळी खूर धरलेल्या घोड्याला नको. मळीचाच मिळाला तर भिजवून वरचं पाणी ओतून द्या, परत पाणी घाला, परत ओता, साखर बरीच निघून जाते. दुसरं, सुटा चुरा की गोळी? गोळी स्वस्त पडते, जागा कमी खाते, पण भिजायला वेळ घेते. आणि गोळी दिसते हुबेहूब म्हशीच्या पेंडीसारखी. हे हसण्यावारी नेऊ नका. गोठा आणि तबेला एकाच शेडात असेल तर पोत्यावर खडूनं मोठ्ठं लिहा, पिंपही वेगळं ठेवा. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं, त्यांना ते चालतं, घोड्याचं हृदय त्यानं निकामी होतं. उलटी चूकही होते, नवा मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा गडी, पेंड समजून गोळी कोरडीच घमेल्यात ओततो.

कोरडी का नाही, याची एक भाकडकथा सगळीकडे ऐकाल: पोटात जाऊन फुगते आणि पोट फाटतं. तसं होत नाही. परदेशात घोड्यांना कोरडा पल्प खायला घालून पाहिलाय, पोटं फाटली नाहीत. धोका घशात आहे. हावरट घोडा कोरड्या गोळ्या न चावता गिळतो, लाळेनं त्या अन्ननलिकेत फुगतात आणि बसतात. म्हातारं, दात गेलेलं जनावर तर हमखास. म्हणून भिजवायचंच, वाद घालू नका.

साठवण: लाकडी फळीवर, झाकणाच्या पिंपात, उंदरांपासून लांब. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे नुसता ओलावा, तेव्हा एका वेळी एकच पोतं आणा. बुरशीचा वास आला की सगळं पोतं बाद. वरचं काढून खालचं वापरू, हे नाही.

वजन कोरड्या मालाचं करा. भिजल्यावर एक किलोचं चार ते सहा किलो होतं आणि आपल्याला वाटतं बादलीभर घातलं, तर त्यात बहुतेक पाणीच असतं. चुऱ्याचा डबा आणि गोळीचा डबा यांचं वजन सारखं भरत नाही, त्यामुळे एकदा ताणकाट्यावर तोलून डब्यावर खूण करून ठेवा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सुरुवात १०० ते १५० ग्रॅम कोरड्या मालानं. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत दिवसाला एक किलोपर्यंत, दोन वेळांत वाटून. पहिल्याच दिवशी किलोभर घालणाऱ्याला आतड्यातले जंतू माफ करत नाहीत. आणि वैरण कमी करू नका. अशा घोड्याला रोज निदान सव्वापाच किलो कोरडी वैरण लागते, शाळूचा कडबा असो की वाळलेलं गवत. कमी करायचा असेल तर हरभरा कमी करा.

पाणी. चुऱ्याला वजनाच्या तिप्पट, गोळीला चौपट ते पाचपट. जास्त झालं तर काही बिघडत नाही, उन्हाळ्यात उलट बरंच, तेवढं पाणी पोटात जातं. बादली अर्धीच भरा, फुगून वर येतं. पोत्यावर कंपनीनं वेळ छापलेली असेल तर तीच पाळा. नसेल तर चुऱ्याला गार पाण्यात दोन तास, गोळीला रात्रभर. इथेच गोची आहे. मे महिन्यात रात्रभर म्हणजे सकाळपर्यंत आंबटसर वास. मी उन्हाळ्यात गोळीवर कोमटापेक्षा जरा गरम, हात घालवेल इतपत पाणी ओततो, दोन तासांत फुटते. सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी. एकदाच भिजवून दोन्ही वेळा भागवू, हा आळस थंडीत खपतो, उन्हाळ्यात नाही.

आणि सकाळचं संपल्यावर, संध्याकाळचं भिजवायच्या आधी? बादली. घासा. मोतद्दार मामा म्हणतील, "आत्ताच तर धुतली." बोटानं आतली कड पुसून बघा, बोट बुळबुळीत लागलं तर परत घासायला लावा. मामा वयानं मोठे असले तरी लावा.

भिजलाय की नाही हे वरून कळत नाही. हात तळापर्यंत घाला, मूठभर काढून चुरडा. मधे कुठे खडा लागला तर अजून थांबा. मग वास घ्या. चांगल्या पल्पला ओल्या गवतासारखा, किंचित गोडसर वास येतो. आंबट किंवा दारूसारखा आला, वर फेस दिसला, तर ओतून द्या. पैसे गेले म्हणून हळहळा, पण ओतून द्या.

सोबत काय घालायचं हे जरा नीट बघा. बीट पल्पमध्ये कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस नावाला, जवळपास दहास एक. लसूणघासातही कॅल्शियम जास्त. नुसतं हे दोनच घालत राहिलात तर फॉस्फरस कमी पडतो. गव्हाचा कोंडा नेमका उलटा, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम जवळपास नाही, म्हणून पल्पमध्ये दोन-तीन मुठी कोंडा चांगला बसतो. पण कोंड्याचाच भडिमार करणारेही आपल्याकडे आहेत, त्यानं जबड्याची हाडं फुगतात. प्रथिनं पल्पमध्ये जेमतेम आठ-दहा टक्के, तेव्हा शिंगराला आणि दूध पाजणाऱ्या घोडीला एवढ्यावर भागत नाही. अ जीवनसत्त्वही नाही, हिरवा चारा चालू ठेवा. मीठ चमचा-दोन चमचे, घालायच्या वेळी. गूळ नको. घोडा खात नाही म्हणून गूळ घालता, मग तो गुळाशिवाय खात नाही. सुरुवातीला नेहमीच्या दाण्यात मूठभर पल्प कालवा, चार दिवसांत जीभ लागते.

घालताना पसरट घमेल्यात घाला, हावरटासाठी दोन मोठे गुळगुळीत दगड त्यात ठेवा, म्हणजे सावकाश खातो. तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची खाण्याची पिशवी, शक्यतो नको, तोही धुवायचा राहतो आणि मग तीच बादलीची गत. कामाला जुंपायच्या, वरातीला न्यायच्या निदान तासभर आधी खाणं संपलेलं हवं. उरलेलं अर्ध्या तासात उचला.

घशात अडकलं तर: मान लांब करतो, खोकतो, नाकातून चाऱ्याचा फेस येतो. चारा आणि पाणी दोन्ही लगेच काढा, डोकं खाली राहू द्या, डॉक्टरांना फोन करा. नाळीनं तेल पाजायला कुणीतरी पुढे येईलच, त्याला लांब ठेवा, ते फुफ्फुसात जातं. डॉक्टरांचा नंबर तबेल्याच्या दारावर लिहून ठेवा, तुमच्या मोबाईलमध्ये असून मामांना काय उपयोग?

लीद रोज बघा. पातळ झाली तर प्रमाण निम्म्यावर आणा. बादलीचं सांगून झालंय, पण तरी: घासली का?

पोतं तळाला जायच्या आठवडाभर आधीच पुढचं सांगा. नाही मिळालं तर उरलेलं पुरवून पुरवून वापरा, रोज थोडं थोडं कमी करत, एका दिवसात बंद नको.