पहिला फोन तक्रारीचा नको: शाळेने पालकांना सोबत कसं घ्यावं

शाळेचा नंबर मोबाइलवर दिसला की बऱ्याच पालकांच्या पोटात गोळा येतो. पडला की काय, मारामारी केली की काय? ही सवय शाळेनेच लावलेली असते, कारण एरवी शाळेतून फोन येतच नाही. मग पालकसभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की शिक्षकांच्या खोलीत ‘पालकांना काही पडलेलंच नाही’ असा शेरा ऐकू येतो. पडलेलं असतं. पण शाळेत जाऊन नेमकं करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मागच्या वेळी गेले तेव्हा चारचौघांत मुलाच्या चुका ऐकून परत आलेले असतात.

पहिला महिना: रोज दोन फोन

वर्गात ४० मुलं असतील तर रोज दोन फोन केले की शाळेच्या २० दिवसांत सगळी घरं होतात. एका फोनला चार मिनिटं धरली तर एकूण १६० मिनिटं, म्हणजे तीन तासांपेक्षा कमी. वर्षभरात याहून कमी वेळात याहून जास्त फळ देणारं काम वर्गशिक्षकाला क्वचितच सापडेल.

फोन उचलताच पहिलं वाक्य ‘काळजीचं काही नाही’ हे असावं. मग स्वतःचं नाव आणि मुलाबद्दल डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. ‘छान आहे, हुशार आहे’ हे कुणालाही लागू पडतं, पालकांना ते लगेच कळतं. ‘काल गटात काम करताना तिने नव्या मुलीला स्वतःहून शेजारी बसवून घेतलं’ हे मात्र त्याच मुलीबद्दल असतं. त्यानंतर विचारायचं: घरी ती कशात रमते, शाळेबद्दल काय सांगते, काही अडलं तर कुणाला आणि किती वाजता फोन केलेला चालेल? उत्तरं लगेच नोंदवहीत उतरवा. ‘संध्याकाळी सातनंतर, मावशीला’ अशी नोंद पुढे वर्षभर उपयोगी पडते.

फसतं ते दोन ठिकाणी. एक, ज्या मुलांबद्दल चांगलं सांगायला सुचत नाही त्यांचे फोन शेवटी ढकलले जातात आणि मग राहूनच जातात. त्यांच्यापासून सुरुवात करा. आधी दोन दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं की सांगण्यासारखं काहीतरी दिसतंच. दोन, फोन नेहमी आईलाच जातो. घरात आजी सांभाळत असेल, आईवडील वेगळे राहत असतील, मोठी बहीण शाळेत सोडत असेल. प्रवेश अर्जावर ‘वडिलांचे नाव, आईचे नाव’ एवढंच न विचारता ‘मुलाची रोजची जबाबदारी कोणाकडे?’ अशी एक ओळ घाला. घरातली भाषा वेगळी असेल तर दुभाषी म्हणून त्याच मुलाला उभं करू नका. तक्रार असली तर तो ती गाळतो, कौतुक असलं तर लाजतो, आणि घरातल्या मोठ्यांची मान खाली जाते ती वेगळीच.

निरोप असा लिहा की घरी काहीतरी करता येईल

‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ हा निरोप म्हणजे शिक्षकाने हात झटकणं. लक्ष द्यायचं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. २०१३-१४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना आठवड्याला तीन छोटे संदेश पाठवले. पहिल्यात एक माहिती, दुसऱ्यात त्यावरची घरी करायची कृती, तिसऱ्यात थोडं प्रोत्साहन आणि त्याच कृतीची पुढची पायरी. हा साचा कुठल्याही इयत्तेला बसतो. उदाहरणार्थ, सोमवारी: ‘या आठवड्यात हातच्याची वजाबाकी चालू आहे.’ बुधवारी: ‘५२ मधून २७ कसे वजा केले ते आज तिला बोलून दाखवायला सांगा. तुम्ही सोडवून देऊ नका.’ शुक्रवारी: ‘जमलं असेल तर तिलाच एक उदाहरण तयार करू द्या, तुम्ही सोडवा, चूक तिला शोधू द्या.’ प्रत्येक संदेश दोन-तीन वाक्यांचा, एकाच गोष्टीबद्दल. चार सूचना एका संदेशात कोंबल्या की एकही पाळली जात नाही.

गैरहजेरीबद्दल लिहिताना आकडा लिहा. आपलं मूल किती दिवस घरी राहिलं याचा पालकांचा अंदाज बहुधा कमी असतो, कारण सुट्ट्या सुट्या-सुट्या पडतात आणि विसरल्या जातात. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात पालकांना मुलाच्या गैरहजेरीचे एकूण दिवस पत्राने कळवले, तेव्हा सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रात दम भरायची गरज नाही. ‘जूनपासून एकूण ११ दिवस’ एवढं पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल थोडक्यात: गट फक्त सूचनांसाठी, लिहिण्याची परवानगी फक्त शाळेला. एखाद्या मुलाचे गुण, आजार, वर्तन किंवा थकलेली फी यातलं काहीही तिथे नको. आणि ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांची यादी वेगळी काढून तीच सूचना त्याच दिवशी कागदावर द्या, नाहीतर वर्गात माहिती असलेले आणि नसलेले असे दोन गट पडतात.

पंधरा मिनिटांची भेट

एका पालकाशी शिक्षक बोलतोय आणि मागे दहा जण रांगेत उभे राहून ऐकतायत, अशी पालकसभा न घेतलेली बरी. वेळा वाटून द्या: प्रत्येकाला १५ मिनिटं, मध्ये पाच मिनिटं मोकळी. एका तासात तीन भेटी होतात. ४० मुलांसाठी साधारण साडेतेरा तास लागतील, म्हणून दोन आठवड्यांत विभागा आणि निदान एक संध्याकाळ व एक सुट्टीची सकाळ ठेवा. फक्त कामाच्या वेळेत बोलावलं तर एक दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार?

टेबलापलीकडे शिक्षक आणि समोर बाकावर गुडघे मुडपून बसलेले पालक, ही मांडणी बदला. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी आणि समोर मुलाची वही. पहिली चार मिनिटं पालकांची: घरी काय दिसतं, कशाची काळजी वाटते? पुढची पाच मिनिटं पुराव्याची. एक महिन्याच्या अंतराने केलेली दोन कामं शेजारी ठेवा, उदाहरणार्थ निबंधाची दोन पानं. काय सुधारलं, कुठे अडकलं, हे पालकांना स्वतःच दिसू द्या. नुसते गुण दाखवले की बोलणं ‘कमी का पडले’ यावरच अडतं. नंतर चार मिनिटांत एकच लक्ष्य ठरवा, शाळा काय करेल आणि घरी काय होईल हे दोन ओळींत लिहा. उरलेल्या दोन मिनिटांत पुढच्या फोनची तारीख. कागदाच्या दोन प्रती, एक घरी. साधारण पाचवीपासून पुढे मुलालाच भेटीत बसवून स्वतःची वही समजावून सांगायला लावा. पाठीमागे बोललं जात नाही, एवढं समजलं तरी त्याचा विरोध मावळतो.

दुसऱ्या मुलाशी तुलना केली की भेट तिथेच संपते. भावंडांशी केलेली तर जास्तच लागते.

सगळ्या पालकांना एकत्र बोलवायचंच असेल तर अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समधून पुढे आलेली एक पद्धत पाहण्यासारखी आहे. वर्षातून तीन वेळा वर्गातले सगळे पालक ७५ मिनिटं जमतात. संपूर्ण वर्गाचा निकाल नावांशिवाय दाखवला जातो, प्रत्येकाच्या हातात फक्त आपल्या मुलाचा कागद असतो. शिक्षक त्या निकालातल्या एका कौशल्याचा खेळ करून दाखवतात, पालक तिथेच करून पाहतात आणि ६० दिवसांचं लक्ष्य ठरवतात. शिवाय वर्षातून एकदा ३० मिनिटांची स्वतंत्र भेट असते. भाषणं जवळजवळ नाहीत. गर्दी टिकण्याचं ते एक कारण असावं.

गृहपाठात पालकांचं काम

पालकांनी शिकवावं ही अपेक्षा ठेवू नका. वर्गातली रीत एक, घरातली दुसरी, आणि मूल दोन्हीत गोंधळतं. पालकांनी ऐकायचं, विचारायचं, वेळ पाळायचा. ज्यांना वाचता येत नाही तेही मुलाचं वाचन ऐकून ‘पुढे काय झालं?’ विचारू शकतात. हे त्यांना शाळेने स्पष्ट सांगावं, नाहीतर ते ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून बाजूला होतात.

वेळेचं एक ढोबळ माप वापरात आहे: इयत्ता गुणिले १० मिनिटं, सगळे विषय मिळून. चौथीला ४० मिनिटं. तेवढा वेळ झाला की गृहपाठ अपुरा असला तरी पालकांनी ‘इथे थांबलो’ असं लिहून सही करायची आणि शिक्षकांनी त्यावर मुलाला बोलायचं नाही. कुठे अडतंय ते शिक्षकाला त्या सहीतून कळतं.

घरभेट

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोमध्ये १९९८ च्या सुमारास सुरू झालेल्या घरभेटींचे नियम जसेच्या तसे घ्यावेत असे आहेत. भेट दोघांच्याही खुशीने आणि आधी वेळ ठरवून. शिक्षक जोडीने जातात, त्यांना प्रशिक्षण आणि त्या वेळेचा मोबदला मिळतो. फक्त ‘अडचणीच्या’ मुलांकडे जायचं नाही, नाहीतर दारात शिक्षक दिसले की शेजारी कुजबुजतात. बोलायचं ते मुलाबद्दलच्या स्वप्नांवर. वही, गुण, तक्रार सोबत न्यायची नाही. घर पाहून घरच्यांचं मोजमाप करायचं नाही, आणि ज्यांना घरी नको वाटतं त्यांना बागेत किंवा वाचनालयात भेटायचं.

निर्णयात वाटा, आणि तक्रारी

पालक-शिक्षक संघात दरवर्षी तेच पाच चेहरे असतात, कारण निवड हात वर करून होते. प्रत्येक तुकडीतून चिठ्ठी टाकून एक जण घ्या, विषयपत्रिका आठवडाभर आधी द्या, आणि बैठकीनंतर तीन रकान्यांचा कागद सूचनाफलकावर लावा: तुम्ही काय सुचवलं, काय केलं, काय जमलं नाही आणि का. तिसरा रकाना भरायला मुख्याध्यापक कचरतात, पण विश्वास बसतो तो त्याच्यामुळे.

चिडून आलेल्या पालकाला आधी पूर्ण बोलू द्या, त्यांच्यासमोर लिहून घ्या, लिहिलेलं वाचून दाखवा. त्याच क्षणी शिक्षकाची बाजू मांडू नका आणि शिक्षकाला दोषही देऊ नका. ‘परवा दुपारपर्यंत कळवतो’ म्हणून तारीख द्या आणि तपास अपुरा असला तरी त्या दिवशी फोन करा.

हे सगळं चालतंय का, ते पाहायला एक तक्ता पुरतो: डावीकडे मुलांची नावं, वर महिने, चौकटीत तक्रारीखेरीज झालेल्या संपर्काची खूण. तिमाही संपताना मुख्याध्यापकांनी फक्त कोऱ्या ओळी पाहाव्यात. त्या घरांना पुन्हा तीच छापील सूचना धाडू नका. वेळ बदला, फोन करणारी व्यक्ती बदला, शिपाई किंवा ग्रंथपाल ओळखीचे असतील तर त्यांना बोलू द्या. तरीही उत्तर आलं नाही तर हाताने लिहिलेलं चार ओळींचं पत्र मुलाच्या दप्तरात द्या, पाकिटावर पालकांचं नाव लिहून, आत मुलाबद्दलची एक चांगली गोष्ट.