बिल कुणाचं, वॉरंटी कुणाची

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी बसते. मिक्सर, गिझर, इंडक्शन शेगडी, पंखे असला सगळा माल. वस्तू बंद पडली की लोक ती पिशवीत घालून आणतात आणि काय बिघडलंय ते सांगायला लागतात. मी आधी बिल मागते. मग मोबाईल पुढं येतो. त्यावर ऑर्डरचा स्क्रीनशॉट असतो: वस्तूचा फोटो, किंमत, खाली हिरव्या अक्षरात 'डिलिव्हर्ड'. ते बिल नव्हे. बिल म्हणजे विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, तारीख आणि मॉडेल असलेला कागद. मला तीनच गोष्टी बघायच्या असतात: हा कागद, त्यावर विकणारा कोण आहे, आणि वस्तूच्या बुडाखालचा सिरीयल नंबर. या तिन्ही गोष्टी वस्तू घरी येते त्या दिवशीच ठरून गेलेल्या असतात. नंतर माझ्याशी भांडून त्या बदलत नाहीत.

"अवो ताई, एवढ्या मोठ्या ॲपवरनं घेतलंय की!" हे रोजचं वाक्य. ॲप बहुतेक वेळा विकत नसतं, जागा देतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात गाळा कुणाचा हे बघून आपण माल घेतो, तसंच इथंही बघायचं. परकीय गुंतवणूक असलेल्या अशा ॲपांसाठी तर सरकारचं स्पष्ट धोरण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निघालेली प्रेस नोट क्रमांक २ (लागू १ फेब्रुवारी २०१९ पासून) म्हणते की विकलेल्या मालाच्या वॉरंटी-गॅरंटीची जबाबदारी विक्रेत्याची. म्हणून किंमत बघून झाली की लगेच त्याखालचं बारीक अक्षर वाचा, विक्रेता कोण ते.

यात एक गंमत आहे. एकाच पानावर एकच मिक्सर चार जण विकत असतात. तुम्ही लाल रंग काढून पांढरा निवडला की विक्रेता बदलू शकतो. काल कार्टमध्ये टाकलेली वस्तू आज दुसऱ्याच नावावर गेलेली असते. पैसे भरायच्या आधी ते नाव परत एकदा बघायचं. नावावर बोट ठेवलं की विक्रेत्याचं पान उघडतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ॲपनं विक्रेत्याच्या धंद्याचं नाव, पत्ता, कस्टमर केअर नंबर आणि रेटिंग असेल तर तेही दाखवायला पाहिजे. जीएसटी नंबर मिळाला तर जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करता टाकून बघता येतो. नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, ते तिथं कळतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ०७ दिल्ली. दिल्लीचा विक्रेता वाईट असं मुळीच नाही. पण पानावर पुण्याचा पत्ता आणि नंबर ०७ नं सुरू होणारा, असं दिसलं तर मी तरी आधी चौकशी करीन.

महाग वस्तू असेल तर कंपनीला विचारा. प्रश्न नेमका पाहिजे: "या नावाच्या विक्रेत्याकडनं घेतलं तर तुमची वॉरंटी मिळते का?" ईमेलवर विचारलंत तर उत्तर लेखी राहतं. कंपनीचा नंबर मात्र तिच्या स्वतःच्या साइटवरनं किंवा खोक्यावरनंच घ्यायचा. सर्च करून पहिला दिसणारा कस्टमर केअर नंबर लावला आणि खातं रिकामं झालं, अशी माणसं आमच्याकडं रडत आलेली आहेत.

आता वॉरंटीची ओळ. 'ब्रँड वॉरंटी' किंवा 'मॅन्युफॅक्चरर वॉरंटी' लिहिलं असेल तर आमच्यासारख्या सेंटरवर या. 'सेलर वॉरंटी' म्हणजे विक्रेत्यानंच बघायचं. वस्तू त्याच्या गावाला पाठवायची, बऱ्याचदा आपल्याच खर्चानं. रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकायला काढलेला) आणि ओपन बॉक्स (खोकं आधीच उघडलेला) मालावर बहुतेक हीच असते. नुसतं '१ वर्ष वॉरंटी' लिहिलंय आणि कुणाची ते लिहिलेलं नाही, तर ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या.

कॅमेऱ्याची लेन्स, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, राउटर घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. हा माल अस्सल असूनही भारतासाठी आणलेला नसू शकतो. परदेशातल्या बाजारातनं आला, इथल्या अधिकृत वितरकाकडनं नाही, की कंपनी सिरीयल नंबर तपासून सांगते: या देशात वॉरंटी नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, रुपयांत एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर असलं पाहिजे. आयातदाराचं लेबलच नसेल तर परत पाठवा. पुष्कळ कंपन्यांच्या साइटवर सिरीयल टाकून वॉरंटी बघता येते. ते परत करायची मुदत संपायच्या आत बघा. गिझरवर आयएसआय चिन्ह आणि मोबाईलच्या चार्जरवर 'आर'नं सुरू होणारा नंबर असतो. दोन्ही भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतात.

वस्तू आली की खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासनं. सिरीयल नंबर खोक्यावर आणि वस्तूवर एकच आहे का बघा. बिलावर छापला असेल तर तिथंही. मिक्सरच्या बिलावर तो बहुधा नसतो. पण तो स्वतः हातानं लिहू नका, खाडाखोड दिसली की माझे साहेब बिलच धरत नाहीत. बिल आणि बुडाचं स्टिकर शेजारी ठेवून एक फोटो काढा, झालं. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासनं धरतात. गोदामात आठ महिने पडलेल्या मिक्सरला मग एक वर्षातले चारच महिने उरतात.

एका गोष्टीवर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण कोल्हापुरात ती फार होते. खानावळवाले, मिसळवाले, केटरिंगवाले घरगुती मिक्सर ऑनलाइन घेतात आणि ऑर्डर करताना आपल्या फर्मचा जीएसटी नंबर टाकतात. हेतू सरळ असतो, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तो आपल्या जीएसटीतनं वजा होईल, असं वाटतं. पण मग बिल फर्मच्या नावावर निघतं. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात 'फक्त घरगुती वापरासाठी' असतं. मोटरवर पाच वर्षं लिहिलेली असली, तरी बिलावर 'अमुक भोजनालय' बघितल्यावर मला क्लेम कंपनीकडं पाठवता येत नाही. रश्श्याचं वाटण आणि सुकं खोबरं दिवसभर वाटून मोटर जळालेली असते, तो वास पिशवीतनंच येतो. कायद्यातही धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. तेव्हा खानावळीला कमर्शियल मिक्सरच घ्या, आणि त्याच्या वॉरंटीत काय बसतं ते आधी वाचा. घरच्या वापराची वस्तू असेल तर फर्मचा नंबर टाकायचा मोह नको.

पुराचं पाणी, जास्त व्होल्टेज आणि बाहेरच्या मिस्त्रीनं उघडलेली वस्तू वॉरंटीत बसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हेच सांगावं लागलं.

कंपनीनं नाकारलं, तर नाकारल्याचं कारण जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर, लिहून मागा. मग ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं त्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. सदोष, नकली किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तिथं काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतचा असो की गुरुग्रामचा, तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासनं दोन वर्षांच्या आत दाखल करायची, ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाइनही होते. सोबत बिल, जॉबशीट, विक्रेत्याच्या पानाचा आणि ॲपवरच्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडा. हे स्क्रीनशॉट तक्रार सुरू केली त्याच दिवशी काढा, कारण विक्रेत्यानं दुकान बंद केलं की ते पान उघडत नाही.